हिवाळ्यात जोडीनं भूमध्य समुद्राची क्रूझ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर ते मार्चमध्ये भूमध्य समुद्राची क्रूझ करायची म्हटली की लोक आधी विचारतात, "थंडीत कशाला?" आणि भाडं बघितलं की विचारतात, "एवढं स्वस्त कसं काय?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. खालची उत्तरं दोघांनीच निघणाऱ्यांसाठी आहेत, मग लग्नाला दोन महिने झालेले असोत की तीस वर्षं. उन्हात पडून राहायला जायचं असेल तर जूनची वाट बघा. शहरं बघायची असतील, तर पुढे वाचा.

हिवाळ्यात तिकडे जहाजं चालतात तरी का?

चालतात, पण कमी. उन्हाळ्यात तिथे दिसणारी बरीच मोठी जहाजं थंडी पडली की कॅरिबियन बेटांकडे वळतात. जिनिव्हाची एमएससी आणि जेनोआची कोस्टा या दोन कंपन्या मात्र पश्चिम भूमध्य समुद्रात बाराही महिने असतात. नेहमीचा फेरा सात रात्रींचा. बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ किंवा साव्होना, रोमसाठी चिव्हिटावेक्किया, मग नेपल्स किंवा पालेर्मो. मधूनच माल्टाचं व्हॅलेटा, स्पेनच्या मायोर्का बेटावरचं पाल्मा किंवा आफ्रिकेतलं ट्युनिस.

यातली गंमत अशी की हा फेरा गोल असतो आणि बऱ्याच बंदरांवर चढता येतं. तुमची क्रूझ बार्सिलोनात सुरू होते, शेजारच्या केबिनमधल्यांची जेनोआत. त्यामुळे स्वस्त विमान जिथे मिळेल तिथून चढा. तोटा इतकाच की रोज कोणीतरी नवं येत असतं आणि लिफ्टसमोर रोज बॅगांचा ढीग असतो.

पूर्वेकडचे, म्हणजे ग्रीस-तुर्कस्तानचे फेरे हिवाळ्यात थोडेच असतात आणि तिथल्या बेटांवरची बरीच हॉटेलं, दुकानं बंद असतात. सँटोरिनी गर्दीशिवाय बघायचं म्हणून जाणारे जातात, आणि २०२५ पासून ग्रीसनं लावलेला क्रूझ-कर तिथे उन्हाळ्यात माणशी २० युरो, तर नोव्हेंबर ते मार्च फक्त ४ युरो आहे. पण तिथे धक्का नाही. जहाज खोल पाण्यात थांबतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर न्यावं लागतं. वारा सुटला की ते बंद. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी पश्चिमेचाच फेरा घ्यावा.

हवा कशी असते? बर्फ वगैरे?

किनाऱ्यावर बर्फ जवळजवळ नाहीच. जानेवारीच्या दुपारी बार्सिलोनात १३ ते १५ अंश, माल्टात १५-१६, अथेन्समध्ये १३च्या आसपास. सकाळ-संध्याकाळ याच्या बरीच खाली. आकडे वाचून वाटतं, एवढंच ना! पण तिथली थंडी वाऱ्याची. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून मार्सेयकडे येणारा मिस्ट्राल ताशी १०० किलोमीटरच्या वर जाऊ शकतो. त्यात आकाश निळंभोर, ऊन लख्ख, आणि डेकवर डोळ्यांतून पाणी. एड्रियाटिक समुद्रात बोरा हा त्याचा भाऊ. सिरोको दक्षिणेकडून, आफ्रिकेकडून येतो. तो उबदार असतो, पण सोबत ढग, पाऊस आणि कधीकधी वाळवंटाची धूळ आणतो.

मग कोणता महिना बरा?

डिसेंबरचे पहिले दोन-अडीच आठवडे, नाहीतर ७ जानेवारीनंतरचे तीन-चार. शाळा चालू असतात, जहाज शांत असतं आणि भाडं तळाला असतं. २० डिसेंबर ते ६ जानेवारी भाडं चढतं आणि जहाज मुलाबाळांनी भरून जातं. फेब्रुवारीत युरोपातल्या शाळांना आठवड्याच्या सुट्ट्या पडतात, पण त्याच सुमारास कार्निव्हल असतात आणि मार्चकडे सरकू तसा दिवसही मोठा होतो. दोघांना निवांतपणा हवा असेल तर जानेवारीचा मध्य.

समुद्र खवळलेला असतो का? बोट लागेल का?

कधीकधी असतो. कोणी "भूमध्य समुद्र म्हणजे तळं" असं सांगितलं तर त्यानं तो ऑगस्टमध्ये बघितलेला असणार. हिवाळ्यात जेनोआच्या आखातावर कमी दाबाचे पट्टे तयार होतात आणि बार्सिलोना-मार्सेयमधलं लायनचं आखात तर वादळी म्हणून बदनामच आहे. तरी तीनशे मीटर लांबीच्या जहाजावर बऱ्याच रात्री काहीच जाणवत नाही. एखादी रात्र मात्र अशी येते की कपाटातले हँगर एकमेकांवर टकटक आपटत राहतात, बाथरूमचा दरवाजा आपोआप उघडतो-मिटतो आणि जिन्याच्या कठड्याला कर्मचारी कागदी पिशव्या खोचून ठेवतात. पिशव्या दिसल्या की समजायचं, कप्तानाला अंदाज आलेला आहे. (हँगरवर टॉवेल अडकवला की टकटक थांबते.)

जहाजाच्या पोटाजवळ पाण्यात पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. ते डाव्या-उजव्या बाजूचं डोलणं कमी करतात. पुढून लाट आली आणि नाक वर-खाली व्हायला लागलं की त्यांचा फारसा उपयोग नाही. म्हणून ज्याला गाडी लागते त्यानं केबिन मध्यावरची आणि खालच्या डेकवरची घ्यावी. सगळ्यात पुढची आणि सगळ्यात वरची केबिन नको, मग ती कितीही स्वस्तात मिळो.

गोळी घ्यायची तर पोटात ढवळण्याआधी. मेक्लिझिन, सिनारिझिन नेहमीच्या आहेत. दोन्हींनी झोप येते आणि दारूबरोबर त्या चालत नाहीत. रक्तदाब, काचबिंदू, प्रोस्टेट यांचं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारा. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, आल्याची वडी आणि क्षितिजाकडे नजर, हे सगळं खरंच उपयोगी पडतं. केबिनमध्ये पडून मोबाइल बघणं सगळ्यात वाईट.

जोडप्यांत बहुतेक वेळा एकालाच बोट लागते. दुसऱ्यानं "मला तर काहीच होत नाही" असं सारखं सांगू नये.

बाल्कनीची केबिन घ्यावी का?

उन्हाळ्यात मी हो म्हणेन. हिवाळ्यात पैसे जपून. अंधार लवकर पडतो, वारा असतो, आणि जोराच्या हवेत बाल्कनीचं दारच उघडू देत नाहीत. बाल्कनी वापरली जाते ती दिवसातून पंधरा-वीस मिनिटं: पहाटे बंदरात शिरताना, हातात गरम चहा घेऊन. ती मिनिटं मात्र जोरदार असतात. व्हॅलेटाच्या ग्रँड हार्बरमध्ये जहाज शिरतं तेव्हा दोन्ही बाजूंनी मधाच्या रंगाचे तट इतके जवळ येतात की समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे मोजता येतात. पण तेच दृश्य वरच्या डेकवर सगळ्यांना फुकट दिसतं, आणि दोन्ही बाजूंचं दिसतं.

बिनखिडकीची केबिन दोघांना साधारण १४ ते १७ चौरस मीटर मिळते. झोपायला उत्तम, भांडायला अपुरी. मधला मार्ग म्हणजे खिडकीची केबिन: काच बंद असते, पण सकाळ झाली हे कळतं. आत खिडकी नसेल तर सकाळचे सात आणि रात्रीचे तीन सारखेच.

"गॅरंटी" नावाचं भाडं स्वस्त असतं. त्यात प्रकार तुमचा, केबिन कंपनी ठरवते. बोट लागणाऱ्यांनी हे घेऊ नये. आणि बुक करतानाच सांगा की दोन पलंग जोडून हवेत की वेगळे.

फेरा निवडताना काय बघायचं?

बंदरांची नावं सगळे बघतात. तुम्ही तास बघा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिथे दिवस जेमतेम सव्वानऊ तासांचा असतो. नेपल्सला सूर्य साधारण पावणेपाचच्या आत मावळतो. बार्सिलोना त्याच घड्याळावर चालतं, पण खूप पश्चिमेला आहे, म्हणून तिथे सूर्यास्त सव्वापाचनंतर. सकाळी मात्र सव्वाआठपर्यंत उजाडत नाही. जहाज आठला लागलं, उतरायला नऊ वाजले, आणि शहर दीड तासावर असेल तर हातात उजेड किती उरला, हिशेब करा.

म्हणून हिवाळ्यात ती बंदरं सोन्याची, जिथे धक्क्यावरून चालत गावात जाता येतं. नेपल्समध्ये जहाजातून उतरलं की समोरच कास्तेल नुओव्हो हा किल्ला. तिथून जुन्या वस्तीत वीस-पंचवीस मिनिटांत चालत. पालेर्मोही तसंच. जेनोआचा धक्का प्रिंचिपे रेल्वे स्टेशनच्या जवळ आहे आणि व्हिया गारिबाल्दीचे जुने वाडे, जे २००६ साली जागतिक वारशात गेले, चालत बघून होतात. साव्होनात तर गाव धक्क्याला टेकलेलंच. व्हॅलेटात बंदराजवळच्या लिफ्टनं ५८ मीटर वर गेलात की थेट अप्पर बाराक्काच्या बागेत. बारा वाजण्याआधी पोहोचा, खालच्या तोफखान्यातून रोज दुपारी बाराला तोफ उडवतात. तिथून सेंट जॉन्स को-कॅथेड्रल दहा मिनिटांवर, आणि आत काराव्हाज्जोनं १६०८ मध्ये रंगवलेलं संत योहानाच्या शिरच्छेदाचं भलंमोठं चित्र. थंडीत त्याच्यासमोर निवांत उभं राहता येतं.

आता लांबची. "रोम" असं लिहिलेलं असतं, पण जहाज लागतं चिव्हिटावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. धक्क्यावरून बस, मग स्टेशन, मग तासाभराची लोकल. व्हॅटिकनच बघायचं असेल तर शेवटच्या तेर्मिनी स्टेशनपर्यंत न जाता सान पिएत्रोला उतरा. एका दिवसात व्हॅटिकन किंवा कोलोसियम. दोन्ही म्हणाल तर दोन्ही धावत. "फ्लॉरेन्स" म्हणजे लिव्होर्नो, साधारण नव्वद किलोमीटर. मार्सेयचा धक्काही शहराच्या जुन्या बंदरापासून लांब आहे, बस पकडावी लागते.

नेपल्सहून पॉम्पेई जमतं. गारिबाल्दी स्टेशनवरून चिर्कुमवेसुव्हियाना गाडीनं पस्तीस-चाळीस मिनिटं, उतरायचं पॉम्पेई स्काव्ही स्टेशनला. ऑगस्टमध्ये तिथे सावली शोधून माणसं थकतात; जानेवारीत इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या त्या रस्त्यांवर चार तास आरामात फिरता येतं. हिवाळ्यात शेवटचा प्रवेश दुपारी साडेतीनला, दरवाजे पाचला बंद. २०२४ च्या नोव्हेंबरपासून तिकिटावर नाव असतं, तेव्हा पासपोर्टची प्रत जवळ ठेवा. काप्रीचा बेत मात्र हिवाळ्यात करू नका. लाटांमुळे तिथली निळी गुहा बंद असते आणि परतीची बोट रद्द झाली तर तुमचं जहाज थांबणार नाही.

व्हेनिस? १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना ज्युदेका कालव्यातून जायला बंदी आहे. सेंट मार्क चौकासमोरून डौलात जाणारं जहाज जुन्या फोटोंतच बघायचं. आता जहाजं मार्गेरा, त्रिएस्ते किंवा राव्हेन्नाला लागतात. व्हेनिस बघायचंच असेल तर क्रूझनंतर रेल्वेनं जा आणि दोन रात्री राहा.

सुट्टीचे वार कसे सांभाळायचे?

जहाजाचा दिवस तुम्ही ठरवू शकत नाही, म्हणून बुकिंगआधीच ताडून बघा. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), शिवाय ८, २५, २६ डिसेंबर, १ आणि ६ जानेवारीला. कोलोसियम आणि पॉम्पेई २५ डिसेंबर व १ जानेवारीला बंद. फ्लॉरेन्सचं उफित्झी सोमवारी, मार्सेयचं म्युसेम मंगळवारी. इटलीत महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात, म्हणून त्या दिवशी अख्खं गाव रांगेत असतं.

आणि इटलीतले रेल्वे संप. ते आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक लोकल गाड्या सोडतात. नेमक्या त्या वेळा जहाजवाल्यांच्या कामाच्या नसतात. संपाच्या दिवशी बंदराच्याच गावात फिरा.

जहाजाची सहल घ्यावी की आपलं आपण जावं?

चालत जाण्यासारखं बंदर असेल तर आपलं आपण, डोळे झाकून. रोम, फ्लॉरेन्ससारख्या लांबच्या ठिकाणी, किंवा संपाची कुणकुण असेल तेव्हा, जहाजाची बस. ती महाग असते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. तुम्ही स्वतः गेलात आणि उशीर झाला तर नाही थांबत. परतायची शेवटची वेळ सुटण्याआधी अर्धा ते एक तास असते. स्वतः जाताना त्याच्याही आधी दीड तास परत या. पूर्वेच्या फेऱ्यात घड्याळ नीट बघा: हिवाळ्यात ग्रीस इटलीच्या एक तास पुढे आणि तुर्कस्तान ग्रीसच्याही एक तास पुढे. मोबाइल एक वेळ दाखवतो, जहाज दुसरी, जहाजाची खरी.

ठरलेलं बंदर रद्द झालं तर?

हिवाळ्यात हे होतं, आणि मनाची तयारी ठेवूनच निघावं. वारा जास्त असला की कप्तान बंदर गाळतो किंवा बदलतो. करारात त्याला तो अधिकार असतो, तुम्ही सही केलेली असते. परत मिळतं ते सहसा त्या बंदराचा कर आणि जहाजाकडून घेतलेल्या सहलीचे पैसे. बाहेरून काढलेल्या तिकिटांचं तुमचं तुम्ही बघायचं. म्हणून खासगी बुकिंग करताना रद्द करण्याची सोय बघा. एका बंदरासाठीच सगळी क्रूझ घ्यायची असेल, तर क्रूझ घेऊ नका; त्या शहराचं विमान पकडा.

व्हिसा कसा काढायचा?

शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, लागत असेल तर दोघांचे अर्ज वेगवेगळे, कागद मात्र एकमेकांशी जुळणारे. ज्या देशात जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखे निघाले तर ज्या देशातून आत शिरता त्याच्याकडे. क्रूझच्या आधी-नंतर हॉटेलात राहणार असाल तर त्यानं पारडं फिरतं, तेव्हा ते दिवस आधी पक्के करा. मल्टिपल एंट्रीच मागा. मध्ये ट्युनिस किंवा इस्तंबूल आलं की तुम्ही शेंगेनच्या बाहेर पडता आणि परत आत येता. सिंगल एंट्रीवर चढूच देत नाहीत. सहलीच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, फी ९० युरो, आणि विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. हा विमा व्हिसापुरता झाला. जहाजावरचे उपचार आणि हेलिकॉप्टरनं उतरवणं त्यात धरलंय का, ते वेगळं विचारा. जहाजावरचा डॉक्टर फुकट नसतो.

खरा खर्च किती होतो?

भाडं माणशी लिहिलेलं असतं, तेही दोघं एका केबिनमध्ये आहेत असं धरून. म्हणजे जोडप्याला हे गणित सोयीचंच आहे. एकट्या माणसाला कधीकधी दोघांचे पैसे भरावे लागतात. हिवाळ्यात भाडं उन्हाळ्याच्या निम्म्यावर आलेलंही दिसतं. त्याच्यावर चढतं ते असं: रोजचा सेवा-आकार (माणशी दर रात्री दहा-बारा युरो आणि वर), पेयं, इंटरनेट, बंदरातल्या बस आणि सहली. जेवण भाड्यात असतं. बाटलीबंद पाणी, कॉफी, कोल्ड्रिंक बऱ्याचदा नसतं.

पेयांच्या पॅकेजची एक मेख जोडप्यांना नेमकी अडकवते. एकानं घेतलं तर केबिनमधल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावं लागतं, असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे. दोघांपैकी एकजण पिणारच नसेल तर सुटे ग्लास घेणंच परवडतं.

जहाजावर सगळं जहाजानं दिलेल्या कार्डावर. खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट कार्ड जोडलं तर रक्कम अडकवून ठेवतात आणि ती सुटायला दिवस लागतात.

शाकाहारी जेवण मिळतं का?

मिळतं, उपाशी कोणी राहत नाही. बुफेत पिझ्झा, पास्ता, भाज्या, सॅलड, फळं, ब्रेड भरपूर. कांदा-लसूणही चालत नसेल तर बुकिंगच्या वेळी लिहून कळवा आणि पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला भेटा. तो पुढच्या दिवसाचा मेनू आदल्या रात्री दाखवतो.

दोन ठिकाणी विचारून घ्या. भाज्यांचं सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं. आणि अस्सल पार्मेजान, म्हणजे पार्मिजानो रेज्जानो, दूध विरजायला वापरतात त्या वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय होतच नाही. ते चीज पास्त्यावर वेटर न विचारता किसून जातो. हे ज्यांना चालत नाही त्यांनी हात आधी वर करावा.

रात्रीचं जेवण उशिराचं असतं, दुसरी पंगत साडेनऊच्या सुमारास बसते. लवकर झोपणाऱ्यांनी पहिली मागावी. दोघांचं वेगळं टेबल हवं असेल तर तेही आधी सांगा. नाहीतर आठ जणांच्या टेबलावर बसवतात, तिथे भाषा जुळली तर बहार, नाही जुळली तर सात रात्री मान डोलवायची.

पोहता येतं का?

समुद्रात नाही, पाणी १३ ते १५ अंश असतं. जहाजावर बघा की एखादा तलाव सरकत्या काचेच्या छताखाली आहे का. गरम पाण्याचे जकुझी उघड्यावरही छान लागतात, बाहेर निघेपर्यंत.

कपडे काय न्यायचे?

एक जाड कोट नेण्यापेक्षा तीन पातळ थर आणि वर वारा अडवणारं जाकीट. कान झाकणारी टोपी. ओल्या फरशीवर न घसरणारे बूट, कारण जेनोआ-व्हॅलेटाचे उतार पावसात गुळगुळीत होतात. छत्री मिस्ट्रालमध्ये उलटी होते, टोपीवाला रेनकोट बरा. एक-दोन रात्री नटायच्या असतात. साडी, कुर्ता, सूट काहीही शोभतं. केबिनमध्ये इस्त्री चालत नाही आणि सापडली तर काढून घेतात, तेव्हा चुरगळणारं कापड नको.

आम्हा दोघांच्या आवडी अगदी वेगळ्या आहेत. जमेल का?

खरं तर क्रूझ अशांनाच जास्त जमते. एकाला संग्रहालय, दुसऱ्याला बाजार. धक्क्यावर उतरून दोन दिशांना जा आणि दोन वाजता कॅफेत भेटा. शहराच्या टॅक्सीभाड्याएवढी रोकड आणि जहाजाच्या कार्डाचा फोटो दोघांजवळ वेगवेगळा असू दे.

अडचण येते ती केबिनमध्ये. दिवसभर एकत्र, रात्री पंधरा चौरस मीटरमध्ये एकत्र, आणि बाहेर पाऊस. सात रात्रींत निदान एक बंदर असं ठरवा की दोघांपैकी ज्याला नाही जायचं त्यानं जाऊ नये. त्या दिवशी जहाज निम्मं रिकामं असतं, स्पामध्ये रांग नसते, आणि बऱ्याच जहाजांवर बंदराच्या दिवशी स्पाचे दरही उतरलेले असतात.

ख्रिसमस-नवं वर्ष जहाजावर कसं असतं?

गजबजलेलं, महाग आणि मजेदार. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच कुटुंबं तीन पिढ्यांसह येतात. सूचना पाच भाषांत होतात आणि मुलं रात्री बारालाही जागी असतात.

गर्दी चालत असेल तर किनाऱ्यावर त्या दिवसांत खूप बघायला मिळतं. नेपल्सच्या सान ग्रेगोरियो आर्मेनो गल्लीत येशूजन्माच्या देखाव्यांच्या मूर्ती करणारे कारागीर दुकानाच्या दारातच बसलेले असतात. बोटभर उंचीचा पिझ्झावाला, मासे विकणारी, चालू राजकारणी, फुटबॉलपटू, सगळे गोठ्याभोवती उभे. बार्सिलोनात ५ जानेवारीच्या संध्याकाळी बाळ येशूला भेटायला निघालेले गोष्टीतले तीन राजे समुद्रातून जहाजानं येतात, तेही कोलंबसच्या खांबाजवळ, जिथे बंदराची निळी बस तुम्हाला सोडते. पाल्माच्या कॅथेड्रलमध्ये ११ नोव्हेंबर आणि २ फेब्रुवारीच्या सकाळी पूर्वेच्या गोल खिडकीतून आलेला रंगीत प्रकाश समोरच्या भिंतीवरच्या गोल खिडकीखाली पडतो आणि दोन वर्तुळांचा आठाचा आकडा होतो, अर्थात आकाश मोकळं असेल तर. फेब्रुवारीत नीसचा कार्निव्हल आणि माँतोंचा लिंबांचा उत्सव. खाण्याचं म्हणाल तर सिसिलीची रक्तासारखी लाल संत्री याच दिवसांत मिळतात. पालेर्मोच्या बाजारात पिशवीभर घ्या आणि तिथेच संपवा, कारण जहाजावर बाहेरची फळं बहुधा नेऊ देत नाहीत.

मोबाइल चालतो का?

बंदरात युरोपचं सिम चालतं. जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की फोन जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कवर जातो आणि बिल तोंडाला फेस आणतं. जहाज सुटायच्या आधी एअरप्लेन मोड.

तब्येतीचं काय?

हिवाळा म्हणजे नोरोव्हायरसचे, उलट्या-जुलाबांच्या साथीचे दिवस, आणि त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जेवणाआधी साबणानं हात धुवा, दारातल्या फवाऱ्यावर भागवू नका. रोजची औषधं हातातल्या बॅगेत ठेवा. मोठी बॅग केबिनशी यायला संध्याकाळ होते. गरोदर असाल तर सहल संपेपर्यंत चोविसावा आठवडा लागतोय का ते मोजा. त्यापुढे बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि त्याआधीही डॉक्टरची चिठ्ठी मागू शकतात.

हनिमून किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर काही खास मिळतं का?

कळवलंत तर केक आणि वेटर मंडळींचं टाळ्यांसह गाणं. लाजाळू असाल तर कळवू नका.

विमान किती आधीचं घ्यायचं?

आदल्या दिवशीचं. धुकं, वारा, संप, चुकलेलं जोडविमान. हिवाळ्यात यातलं एखादं होतंच, आणि जहाज पुढच्या बंदरात पकडायचं म्हणजे नवं तिकीट आणि मनस्ताप. आदली रात्र बार्सिलोनात किंवा जेनोआत घालवा, ते शहरही बघून होतं. परतीचं विमान उतरायच्या दिवशी दुपारी दोननंतरचं ठेवा, आणि चिव्हिटावेक्कियाला उतरणार असाल तर संध्याकाळचं.

उतरायच्या आदल्या रात्री काय करायचं असतं?

रंगीत पट्ट्या मिळतात. त्या बॅगांना लावून बॅगा रात्री दाराबाहेर ठेवायच्या. सकाळी धक्क्यावर रंगाप्रमाणे मांडलेल्या सापडतात. पासपोर्ट, औषधं, चार्जर, दात घासायचं सामान आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे मात्र आतच ठेवा. दोघांपैकी एकाची पँट दरवेळी त्या बॅगेत जाते. बिलाचा कागद रात्रीच तपासा, सकाळी काउंटरवर शंभर माणसं असतात. आणि तिजोरी उघडून बघा, दोघांनीही.